घरची मजुरी शून्य

आजच्या या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावर बसलेले प्रमुख पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण सगळे कामधाम सोडून जमलो ते आज निवृत्त होणारे आपले साहेब, पहिल्या रांगेत बसलेल्या साहेबांच्या पत्नी, ज्यांना आम्ही ओढ्यावर नुसतं 'बाई' म्हणतो, लघुसिंचन कार्यालयातले समस्त अधिकारी-कर्मचारी, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे मागे भिंतीला टेकून उभे असलेले माझे शेतकरी बंधुभगिनी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

माइक जरा खाली करता का कुणी? हां, आता बरं.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'लाभार्थींच्या वतीने दोन शब्द' असं छापलंय. वास्तविक लाभ अजून कुणाला झालेला नाही. पण 'अर्जदारांच्या वतीने' असं छापलं तर प्रसंगाला शोभणार नाही, असं हेडक्लार्क भाऊसाहेबांचं मत पडलं, आणि ते सूत्रसंचालक असल्यामुळे मी मान्य केलं. त्यांनी मला तीन मिनिटं दिलीत आणि बजावलंय की ताई, फक्त चांगलं बोला. मी चांगलंच बोलणार आहे. साहेबांबद्दल वाईट बोलायला माझ्याकडे काही नाही, हीच तर अकरा वर्षांची माझी पंचाईत आहे.

मंडळी, सचोटी म्हणजे काय ते मी या माणसाकडे पाहून शिकले. साहेब शेतावर पाहणीला येतात ते स्वतःचा चहा थर्मासमध्ये घेऊन. बांधावर बसायचं झालं तर स्वतःची सतरंजी. कुणाच्या वेलीवरचा दोडका त्यांनी कधी घरी नेला नाही. पेन कार्यालयाचं, पण पेन्सिल स्वतःची, कानावर खोचलेली, आणि खोडरबर खिशात. ही पेन्सिल लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्यांची खोली तुम्हाला ठाऊक आहे. जिना चढून डावीकडे कोपऱ्यात. पडदा सुतळीनं बांधलेला, टेबलावर काच, काचेखाली अंतरांचा तक्ता, आणि समोर अर्जदाराची खुर्ची, जिचा पुढचा एक पाय आखूड आहे. त्या खुर्चीत बसलं की माणूस आपोआप साहेबांकडे झुकतो. मी पहिल्यांदा तिथे झुकले त्याला अकरा वर्षं झाली.

आमची जमीन पाऊण एकर, चढावर. खाली ओढा. ओढ्यापासून वाफ्यापर्यंत बहात्तर पावलं, मी मोजलेली नाहीत, पायांनीच सांगितली. पंधरा-पंधरा लिटरचे दोन डबे घेऊन मी आणि माझ्या सासूबाई उन्हाळ्यात रोज साठ खेपा करायचो. टोमॅटो, मिरची, वांगी. नवऱ्याची नोकरी लांबच्या कारखान्यात, तो महिन्यातून एकदा यायचा आणि यंदा भाजी छान आलीय म्हणायचा. मला हवा होता एक लहान पंप, ओढ्यापासून वरपर्यंत पाइप आणि ठिबक. निम्मा खर्च आम्ही घालू, निम्मा कार्यालयानं घालावा, अशी योजना. एवढ्याशा जमिनीवर पाणी खेळवणं पैशाच्या हिशेबात परवडतं की नाही, ते ठरवणारा एकोणीस रकान्यांचा अर्ज खुद्द साहेबांनी बनवलेला.

तेरा रकाने झरझर भरले. चौदाव्याला साहेब थांबले. 'सध्या हाताने पाणी देण्याचा खर्च.'

"पाणी कोण घालतं?" साहेबांनी विचारलं.

"आम्हीच."

"आम्हीच म्हणजे कोण?"

"मी आणि सासूबाई."

"मग मजुरी किती देता?"

मला हसू आलं. मी म्हटलं, साहेब, सासूबाईंना मजुरी द्यायची माझी काय बिशाद. साहेब हसले नाहीत. त्यांनी कागद मागून पुढून पाहिला आणि चौदाव्या रकान्यात शून्य लिहिलं. मग मला शांतपणे समजावून सांगितलं. पंप लावल्यावर तुमचं काय वाचणार? हाताने पाणी देण्याचा खर्च. तो खर्च आज किती? शून्य. म्हणजे इतका पैसा घालून तुम्ही वाचवणार काय, तर शून्य. योजना अव्यवहार्य. आणि शिक्का मारला.

आता यात चूक काढा पाहू. मी अकरा वर्षं काढतेय. त्रैराशिक बरोबर, बेरीज बरोबर, शिक्कासुद्धा सरळ बसलेला.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. आलेल्या आहेत त्या, तिसऱ्या रांगेत कडेला, काठी घेऊन बसल्यात. स्वभावानं फार सोशिक, हे मी त्यांच्यासमोर म्हणतेय म्हणून खरं मानू नका. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे मी शून्य का गं?" आणि डबे उचलून ओढ्यावर गेल्या. वर येऊन डबे टेकवले आणि मोठ्यानं म्हणाल्या, "शून्य." दुसरी खेप. "शून्य." आठवडाभर आमच्या रानात खेपांची मोजदाद अशी चालू होती. रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. मला त्या आठवड्यात हसू यायचं आणि त्यांचे सुजलेले गुडघे दिसले की रडूही यायचं. तेव्हाच मी मनाशी ठरवलं की यांच्या डोळ्यांदेखत, यांच्या हयातीत, नळाची चावी फिरवून पाणी वर आणून दाखवायचं. माझं साहेबांकडे दुसरं काहीही काम नव्हतं आणि नाही.

भाऊसाहेबांनी चिठ्ठी पाठवलीय. 'वेळ संपली.' आभारी आहे, ठेवते जपून.

तर उपाय सापडला आमच्या जाऊबाईंना. माझी धाकटी जाऊ. चूल वेगळी, कुंपण वेगळं, म्हणजे कागदावर परकी. ती म्हणाली, बाहेरच्या माणसाची मजुरी रकान्यात चालते ना, मग तू माझ्या रानात पाणी घाल, मी तुझ्या घालते, आणि दोघी एकमेकींना मजुरी देऊ. मी तिला मिठी मारायचीच काय ती बाकी ठेवली. दर शनिवारी संध्याकाळी कुंपणावरून मी तिला पाचशेची नोट द्यायची, ती पावतीवर सही करायची. मग तीच नोट ती मला द्यायची आणि मी सही करायची. एकच नोट, मंडळी. सात महिने. शेवटी ती इतकी मऊ झाली की हात लावायची भीती वाटायची. मधोमध फाटली तेव्हा चिकटपट्टी कुणाच्या खर्चानं लावायची यावर आमचं भांडण झालं.

आणि खरी गंमत पुढेच आहे. नाटक करायला गेलो आणि मालक-मजूर होऊन बसलो. पहिल्याच महिन्यात जाऊबाईंनी मला ऐकवलं की तू साडेसहाला येतेस, ठरलंय सहाचं. मी तिला म्हटलं, तू मिरचीला वरवर शिंपडतेस, मुळाशी ओल जात नाही, पाचशे काय झाडाला लागतात का? तिनं आजारपणाची रजा मागितली. मी विचारलं, भरपगारी का? स्वतःच्या रानात आम्ही अंधार पडेस्तोवर राबायचो. एकमेकींच्या रानात मात्र पाच वाजले की डबे पालथे. सासूबाईंनी देखरेखीचं काम आपणहून घेतलं आणि दोघींकडून वेगवेगळे पैसे मागितले. एकदा आम्ही जावा-जावा अकरा दिवस बोललो नाही, फक्त पावत्या बोलायच्या. त्या वर्षी वांग्यानं मान टाकली.

पण पावत्या जमल्या, बंडल झालं, आणि मी पुन्हा त्या खुर्चीत जाऊन झुकले. चौदाव्या रकान्यात या वेळी भरभक्कम आकडा बसला. साहेबांचा चेहरा उजळला. खरंच उजळला, कारण या माणसाला कुणाचं वाईट व्हावं असं कधी वाटलं नाही. म्हणाले, योजना उत्तम व्यवहार्य आहे, तीन वर्षांत पैसे वसूल. मग पेन्सिल खाली सरकली. पंधरा, सोळा. सतराव्यावर आली आणि थांबली. सतरावा रकाना, 'शेतीचा सध्याचा निव्वळ नफा.'

तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या लक्षात यायला दहा मिनिटं लागली. मजुरी खर्चात धरली की आमचं रान तोट्यात गेलं. आणि तोट्यातल्या शेतीवर कार्यालय पैसा लावत नाही. म्हणजे सासूबाई फुकट राबल्या तर शेती फायद्यात, पण पंपाची गरज नाही. सासूबाईंना मजुरी दिली तर पंपाची गरज आहे, पण शेतीच परवडत नाही. पंप मिळण्यासाठी सासूबाईंनी एकाच वेळी फुकटही राबायला हवं आणि पैसेही घ्यायला हवेत. मी हे घरी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी तेच करते आहे चाळीस वर्षं, पैशाचं तेवढं राहिलं."

त्या दिवशी शिक्का मारताना साहेबांचे डोळे पाणावले होते. त्या वर्षी योजनेतून आम्हाला मिळालेलं पाणी तेवढंच.

तरी ते प्रत्यक्ष पाहणीला आले. ऊन मी म्हणत होतं. चढ चढून दमले, बांधावर सतरंजी टाकून बसले. थर्मास रिकामा झालेला. सासूबाईंनी तांब्या पुढे केला. साहेब म्हणाले, अर्जदाराकडून काही घेता येत नाही. तर सासूबाई म्हणाल्या, "घ्या हो साहेब, शून्याचंच आहे." साहेबांनी तरीही घेतलं नाही. सुकल्या घशानं उतरून गेले. असा अधिकारी पुन्हा होणे नाही, असं जे मघाशी प्रमुख पाहुणे म्हणाले, त्यात मी फक्त एवढीच भर घालते की एकानंच आमचं पुरेसं झालंय.

दुसरी चिठ्ठी. 'विषयाला धरून बोलावे.' भाऊसाहेब, विषयच आता येतोय.

माझ्यासारखे एकतीस अर्ज आज साहेबांच्या कपाटात आहेत. सगळे पाऊण एकर, एक एकर, दीड एकरवाले. काही चौदाव्या रकान्यात अडकलेले, काही सतराव्यात. ती सगळी माणसं मागे भिंतीला टेकून उभी आहेत. फुलं द्यायला म्हणून आली नाहीत, हे चाणाक्ष श्रोत्यांच्या ध्यानात आलं असेल.

आता जरा घरगुती बोलते. साहेब, तुमची परवानगी नाही, पण बाईंची आहे.

दोन वर्षांपूर्वी साहेबांनी निवृत्तीनंतरची हौस म्हणून आमच्याच वरच्या अंगाला अर्धा एकर जागा घेतली. रीतसर, कार्यालयाला कळवून, कुणाकडून एक पैही कमी करून न घेता. तिथे चाळीस लिंबं लावली. लिंबं साहेबांनी लावली म्हणायचं, कारण खड्डे कुठे घ्यायचे ते त्यांनी पेन्सिलीनं कागदावर काढून दिलं होतं. पाणी मात्र ओढ्यावरूनच. आणि एका सकाळी ओढ्यावर मी डबे भरते तर शेजारी कोण? बाई. पदर खोचलेला, पंधरा-पंधराचे दोन डबे. मला फार संकोच वाटला. त्या म्हणाल्या, संकोच कसला, जरा डोक्यावर चुंबळ नीट बसवायला शिकव. दोन वर्षं आम्ही शेजारी शेजारी पाणी भरतोय. त्यांना एकशे चाळीस पावलं पडतात, आमच्या जवळजवळ दुप्पट.

यंदा साहेबांनी स्वतः अर्ज केला. पंप आणि ठिबकसाठी. आपलाच अर्ज आपण तपासू नये म्हणून धाकट्या सहायकांच्या टेबलावर ठेवला. ते बिचारे आज इथे मान खाली घालून बसलेत, पण त्यांनी काम चोख केलं. चौदाव्या रकान्यात शून्य लिहिलं आणि योजना अव्यवहार्य ठरवली. साहेबांनी त्यांची पाठ थोपटली आणि घरी जेवताना बाईंना अभिमानानं ही हकीगत सांगितली.

बाईंनी विचारलं, "पाणी कोण घालतं असं लिहिलंत?"

साहेब म्हणाले, "आपणच."

"आपण म्हणजे कोण?"

साहेबांनी आणखी वरण वाढून घेतलं. मग बाईंनी दुसरं विचारलं, की घरच्या माणसाची मजुरी शून्य, हे ठरवलं कुणी? आणि मंडळी, जे मला अकरा वर्षांत विचारायला सुचलं नाही ते बाईंनी एका जेवणात विचारलं. साहेबांनी खोटं सांगितलं नाही. ते कधीच सांगत नाहीत. म्हणाले, मीच. बावीस वर्षांपूर्वी अर्ज बनवताना अर्जाच्या दरपत्रकात एक ओळ घातली होती, 'घरच्या मजुरीचा दर संबंधित अधिकारी ठरवील.' दर काय धरावा ते त्या दिवशी सुचेना. म्हणून पेन्सिलीनं तात्पुरतं शून्य टाकून ठेवलं. नंतर नीट विचार करून टाकू म्हणून. मग राहून गेलं.

राहून गेलं, मंडळी. आमच्या सासूबाईंचे गुडघे त्या राहून जाण्यात गेले. बाईंनी ओढ्यावर मला हे सांगितलं त्या दिवशी मला पहिल्यांदा या माणसाचा राग आला. अजून आहे. निरोप समारंभात सांगू नये, पण आहे.

बाईंनी मात्र राग वगैरे केला नाही. पुढच्या रविवारी सकाळी दोन्ही डबे साहेबांसमोर ठेवले आणि स्वतः वर्तमानपत्र घेऊन बांधावर बसल्या. साहेबांनी नऊ खेपा केल्या. दहाव्या खेपेला ओढ्याच्या काठी डबे ठेवून नुसतेच उभे होते, मी स्वतः बघितलंय. सोमवारी कार्यालयात तापाच्या रजेचा अर्ज आला. भाऊसाहेब, ताप नव्हता. खांदे होते.

तर साहेब, आता थेट तुमच्याशी बोलते. तुमच्या मागच्या भिंतीवर चार वाजून वीस मिनिटं झालीत. तुमची नोकरी आज पाच वाजेपर्यंत आहे. सोमवारपासून हे सगळे अर्ज आणि ते दरपत्रक संगणकावर चढणार. संगणकावर बसणाऱ्या ताईंना मी विचारून आले, त्या म्हणाल्या, कागदावर जे असेल ते मी टाइप करणार, पेन्सिल-पेन मी बघत नाही. म्हणजे तुमचं तात्पुरतं शून्य सोमवारी कायमचं होईल. नवीन येणारे साहेब फार कर्तबगार आहेत असं ऐकलंय. पण त्यांनी अजून एकही खेप केलेली नाही.

सतराव्या रकान्याचीही काळजी नको. दर लिहिलात की आमच्या शेत्या कागदावर तोट्यात जातील म्हणाल, तर बाईंनी तो अर्ज परवा माझ्याबरोबर बसून वाचला. घरच्या मजुरीचा दर ठरला की ती घरातच राहिलेली कमाई म्हणून नफ्यात परत जमा धरावी, असं अठराव्या रकान्याच्या टिपेत तुम्हीच लिहून ठेवलंय. शून्य परत जमा करून काय होणार, म्हणून ती टीप बावीस वर्षं कुणी वाचली नाही. तुम्ही अर्ज चांगला बनवला होता, साहेब. नुसता भरायचा राहिला.

कार्यालयानं तुम्हाला घड्याळ दिलं. आम्हा अर्जदारांच्या वतीनं हे डबे. नवे नाहीत, सासूबाईंचेच आहेत. आणि हे दरपत्रक. कपाटातलं मूळ, भाऊसाहेबांनी काढून दिलंय. उगाच चिठ्ठ्या पाठवत होते, मनानं ते आमच्या बाजूचे आहेत. आकडा आम्ही सांगत नाही. तुम्हाला योग्य वाटेल तो लिहा, फक्त शून्य नको.

घेतलंय. वाचताहेत. बाई, तुमचा चष्मा द्या जरा त्यांना.

साहेब विचारताहेत, किती लिहू? मागच्या लोकांना ऐकू गेलं नसेल म्हणून सांगते, साहेब विचारताहेत की किती लिहू. अध्यक्ष महोदय, आपण सांगू नका, आपल्याकडे नळ आहे. थांबा, सासूबाई उठताहेत. धरा त्यांना कुणीतरी. माइक नको म्हणताहेत.

ऐकलंत सगळ्यांनी? त्या म्हणाल्या, "साहेब, त्या रविवारी तुम्ही नऊ खेपा केल्यात. तेवढ्याचे कुणाकडे किती मागितले असते, ते लिहा."

पेन्सिल कानावरच आहे. अध्यक्षांचं पेन घेतलंय. लिहिलं. मला इथून आकडा दिसतोय आणि तो आम्ही मागितला असता त्याच्या दुपटीहून जास्त आहे. खाली सही, तारीख. चार वाजून सव्वीस मिनिटं अशी वेळसुद्धा घातलीय, एवढे काटेकोर आहेत. मागची मंडळी, टाळ्या वाजवायला हरकत नाही.

सासूबाई टाळ्या वाजवत नाहीत. रडताहेत. मला वाटतं मीही रडणार आहे, तेव्हा आवरतं घेते.

साहेब, रविवारी ओढ्यावर भेटूच. पंप येईपर्यंत लिंबांना पाणी लागणार, आणि चुंबळ बसवायला मी शिकवीन. आपण सर्वांनी एवढा वेळ शांतपणे ऐकून घेतलंत, भाऊसाहेबांनी तीन मिनिटांची वीस होऊ दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. आणि एखादी चूक फारच ठळक दिसली, तर दुरुस्ती कृपया पेनानं करा.